रापणीतली लाल चप्पल : मुलांच्या चित्रपुस्तकासाठी चित्रं काढताना

मजकुरात ‘मुलगी किनाऱ्यावर धावली’ असं लिहिलंय आणि चित्रातही मुलगी किनाऱ्यावर धावतेच आहे, तर त्या पानावर चित्रकाराने काहीच केलेलं नाही. धावताना तिच्या पायातली एक लाल चप्पल निसटली, ती तिच्या लक्षात आली नाही आणि मजकुरातही तिचा उल्लेख नाही, असं चित्र काढलं की वाचून दाखवणाऱ्याच्या आधी मूल ओरडतं, ‘चप्पल पडली!’ मुलांच्या पुस्तकातल्या चित्रांची गोडी इथे आहे. वाचता येणाऱ्या मोठ्या माणसाला जे दिसत नाही, ते वाचता न येणाऱ्या मुलाला आधी सापडतं.

खाली सोळा पानांच्या एका पुस्तकाची पूर्ण रीत दिली आहे. विषय रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरण्याचा घेतला आहे, कारण जोडपानाचे (समोरासमोर उघडणाऱ्या दोन पानांचे) बहुतेक प्रश्न त्यात आपोआप येतात.

आधी आवडतं पुस्तक उसवून बघा

आवडत्या चित्रकाराची नक्कल करून हात सुधारतो, डोळा नाही. डोळ्यासाठी हे करा. पुस्तकातलं एक जोडपान घ्या. मजकुरावर कागदाची पट्टी ठेवा आणि फक्त चित्रावरून काय काय कळतं ते लिहून काढा. मग चित्र झाका, मजकूर वाचा आणि त्यातून काय कळतं ते लिहा. पहिल्या यादीतून दुसरी वजा करा. जे उरेल ती चित्रकाराची कमाई. काहीच उरलं नाही तर पुस्तक कितीही देखणं असो, बाजूला ठेवा.

त्यानंतर त्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त तीन छटा भरा : कोरी, मध्यम, गडद. रेषा काढायच्या नाहीत. वीस मिनिटांत कळतं की नजर आधी कुठे जाते आणि का. बहुतेक वेळा सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ भाग जिथे एकमेकांना भिडतात, तिथेच ती जाते.

कोणाची पुस्तकं घ्यावीत? माधुरी पुरंदरे यांची, कारण लेखनही त्यांचं आणि चित्रंही त्यांची. कोणती गोष्ट शब्दांकडे सोपवली आणि कोणती चित्राकडे, हे त्यात स्वच्छ दिसतं. ‘चांदोबा’त वर्षानुवर्षं विक्रम-वेताळ काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन (१९२४–२०२०), देहबोलीसाठी बघावेत. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, आणि तरी राजाची चाल थांबलेली वाटत नाही. पुलक बिस्वास यांनी ‘टायगर ऑन अ ट्री’ हे पुस्तक काळा आणि नारिंगी अशा दोनच रंगांत उभं केलं. रंगपेटी मोठी असली की चित्र चांगलं होतं, हा गैरसमज तिथे संपतो. परदेशी चित्रकारांत क्वेंटिन ब्लेक यांची पद्धत उचलण्यासारखी आहे. कच्चं चित्र दिव्याच्या काचेवर ठेवून त्यावर जलरंगाचा कागद घ्यायचा, पण खालची रेष गिरवायची नाही. तिच्या अंदाजाने नवी रेष मारायची. गिरवलेली रेष मेलेली दिसते. दिव्याची काच नसेल तर दोन स्टुलांवर खिडकीची जुनी काच आणि खाली एलईडी बल्ब पुरतो.

जुन्या मराठी चित्रकारांसाठी पदरमोड करायची गरज नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झालं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. एकाच चित्रकाराची दहा-बारा चित्रं सलग बघा. एकेक चित्र बघून शैली कळत नाही, सवयी कळत नाहीत.

आणि सिंधुदुर्गात असाल तर कुडाळजवळचं पिंगुळी गाठा. ठाकर समाजातली चित्रकथी ही चित्रपुस्तकाची सख्खी पणजी आहे. सुट्या चित्रांची पोथी, एकेक चित्र पुढे धरायचं आणि कथा गाऊन सांगायची. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरचं संग्रहालय तिथेच आहे. बघताना दोन गोष्टी टिपा. मागची पार्श्वभूमी जवळजवळ कोरी असते, म्हणून आकृत्या लांबूनही ओळखू येतात. आणि कोण कोणाकडे तोंड करून उभा आहे यावरून भांडण आहे की भेट, हे शब्दांविना कळतं. शैली मात्र उचलू नका. मोठे डोळे आणि नक्षीदार कडा उसन्या घेतल्याने पुस्तक कोकणातलं होत नाही. वारलीचंही तेच, दोन त्रिकोण जोडून माणूस काढला की झाली वारली, असं मानणाऱ्यांनी आधीच पुरेशा भिंती रंगवल्या आहेत.

सोळा पानांचा नमुना

चार ए-४ कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, घडीवर दोन पिना मारा. सोळा पानं झाली. पान १ एकटं, मग २–३, ४–५ अशी १४–१५ पर्यंत सात जोडपानं, आणि १६ एकटं. मुखपृष्ठ वेगळं. हा नमुना हातात धरून उलटल्याशिवाय एकही पक्कं चित्र काढू नये. पडद्यावर एकाखाली एक लावलेल्या चित्रांत पान उलटण्याचा क्षण नसतो, आणि मुलांच्या पुस्तकाची सगळी गंमत त्या क्षणात असते.

रापणीची गोष्ट अशी बसते :

पान १ – शीर्षक आणि श्रेय.
२–३ – ‘चला, रापण ओढूक!’ मुलगी धावते. चप्पल निसटते.
४–५ – होडीतून जाळं सोडलं जातं. लाट चप्पल उचलते.
६–७ – वरून दिसणारा देखावा : जाळ्याचा अर्धगोल, आत एक लाल ठिपका.
८–९ – दोन टोकांना ओढणारी माणसं.
१०–११ – फक्त हात, दोर आणि पाय. एक पाय अनवाणी.
१२–१३ – जाळं काठाला येतं, घारी आणि बगळे जमतात.
१४–१५ – वाळूवर मासळीचा ढीग, बांगड्यांत चप्पल.
१६ – घराची पायरी. एक कोरडी चप्पल, एक ओली. मजकूर नाही.

चप्पल हा शब्द मजकुरात कुठेही येत नाही. लिहिणारा आणि काढणारा वेगळे असतील तर हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर लेखक शेवटच्या पानावर ‘आणि काय आश्चर्य! चप्पल मिळाली!’ असं लिहून सगळ्यावर पाणी फिरवतो.

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी एका जोडपानावर पंचवीस-तीस शब्द खूप झाले. सहा-सातवर तर दहाच ठेवा. तिथे बोट फिरवायला वेळ हवा.

आता जोडपान ८–९. रापणीत होडी समुद्रात अर्धगोल मारून जाळं सोडते आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढली जातात. डाव्या पानावर एक चमू, उजव्या पानावर दुसरा, मध्ये समुद्र. पुस्तकाची घडी बरोबर पाण्यावर पडते, कोणाचं तोंड चिरत नाही. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, की मुख्य पात्र अगदी मधोमध काढतात आणि छापून आल्यावर त्याचं नाक शिवणीत जातं. पिनांच्या बांधणीत घडीपासून दोन्हीकडे किमान १२ मिलिमीटर चेहरे, हात आणि अक्षरं ठेवू नयेत. डिंकाने चिकटवलेल्या पाठीच्या पुस्तकात २० मिलिमीटर, कारण ते पूर्ण उघडत नाही.

मराठी डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून उजवीकडे तोंड केलेलं पात्र पुढे निघालेलं वाटतं आणि डावीकडे तोंड केलेलं परत येणारं. मुलगी किनाऱ्याकडे धावते तेव्हा उजवीकडे धावू द्या. शेवटच्या पानावर चपलांची टोकं डावीकडे, घराच्या आत वळलेली.

नमुन्यातली चित्रं आगपेटीएवढी काढून सुरू करा. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, बघितली असेल तर हे पटेल : तळहातात मावणाऱ्या वर्तुळात दशावतारातला प्रत्येक अवतार वेगळा ओळखू येतो, कारण प्रत्येकाची बाह्याकृती वेगळी. आगपेटीएवढ्या चित्रात जे कळत नाही, ते मोठं केल्याने कळत नाही. फक्त मोठं होतं.

कोकण काढताना घसरणाऱ्या जागा

इथला सूर्य समुद्रातून उगवत नाही. हे सांगावं लागू नये, पण लागतं. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी उजेड जमिनीकडून येतो आणि किनाऱ्यावरच्या माणसांच्या सावल्या पाण्याकडे लांब पडतात. रापणीच्या सकाळी समुद्रावर नारिंगी गोळा काढलात तर किनाऱ्यावरचं मूल पहिल्याच पानाला तुम्हाला पकडेल.

माड आणि पोफळ (सुपारीचं झाड) एक नव्हे. माडाचं खोड बुंध्याशी जाड, किनाऱ्याजवळ बहुधा कललेलं. पोफळ हाताच्या विळख्यात मावेल इतकी सडपातळ, सरळसोट, अंगावर वळी आणि झावळ्यांखाली हिरवा गुळगुळीत भाग. दोन्हींना एकच छत्री लावू नका.

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत म्हणजे विटांची भिंत नव्हे. चिरा विटेच्या कितीतरी पट मोठा. दारापेक्षा उंच भिंतीतही थर मोजके असतात. अंगावर छिद्रं असतात, कडा झिजलेल्या असतात. कोरडा चिरा बर्न्ट सिएनामध्ये (तांबूस तपकिरी) थोडा पिवळा ओकर (मातकट पिवळा) मिसळून मिळतो. भिजलेला त्याच रंगात अल्ट्रामरीनचा (गडद निळ्याचा) थेंब घातला की येतो, आणि तळाशी शेवाळाचा पट्टा येऊ द्या.

समुद्र निळाच हवा असं नाही. पावसाळ्यात काठाजवळचं पाणी मातकट असतं. आपली रापण पावसानंतरची आहे, तेव्हा काठाशी राखट हिरवा आणि लांबवर निळसर घ्या. पाऊस काढायची वेळ आली तर पानभर तिरक्या रेघा मारू नका. कौलांच्या टोकांवरून पडणाऱ्या पागोळ्या आणि त्यांनी अंगणात पाडलेली खळग्यांची ओळ काढा. पाऊस ऐकू येतो.

मासा ‘मासा’ म्हणून काढू नका. बांगड्याच्या पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे गडद पट्टे असतात आणि पोट चंदेरी; पापलेट ताटासारखं चपटं. मुलांना नावं पाठ असतात. बाजारात जाऊन पाटीतले काढा, मोबाइलवरून नको, कारण फोटोत मासा नेहमी आडवा आणि एकटा असतो, ढिगात मात्र अर्धे मासे दुसऱ्यांखाली दबलेले आणि शेपट्या भलतीकडे.

एकच मुलगी सात वेळा

दुसरी मोठी चूक : दर पानावर मुलगी बदलते. कधी पाच वर्षांची, कधी नऊ. यासाठी पक्की चित्रं सुरू करण्याआधी एका कागदावर तिला समोरून, बाजूने, पाठीमागून, बसलेली आणि धावताना काढा. मोजमाप डोक्याच्या उंचीच्या पटीत करा. मोठा माणूस साधारण साडेसहा-सात डोकी उंच, सहा वर्षांची मुलगी पाच-साडेपाच, रांगणारं बाळ चार. लहान मुलांचे डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या किंचित खाली येतात. वर सरकले की मूल लगेच बुटका माणूस दिसू लागतं. शेजारी तिच्या कमरेपर्यंत येणारी एखादी वस्तू काढून ठेवा, समजा मासळीची पाटी स्टुलावर. उंची चुकली की तीच सांगते.

कपड्यांचा रंग सुरुवातीला ठरवा आणि लाल रंग चपलेशिवाय कुठेही वापरू नका. होडीला लाल पट्टा नको, आजीच्या लुगड्याला लाल काठ नको. सहाव्या-सातव्या पानावरचा ठिपका सापडतो तो याच शिस्तीमुळे.

दमट हवेत जलरंग

कोरड्या हवेच्या गावांतल्या शिकवण्या ऐकून बसलेल्यांची इथे फजिती होते. कोकणात जून ते सप्टेंबर कागद वाळत नाही. रंगाचा हात अर्धवट ओला राहतो, त्यावर जास्त पाण्याचा कुंचला टेकला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलतो. कोरड्या गावात ही अर्धवट ओली वेळ पाच मिनिटांची, इथे अर्ध्या तासाची. म्हणून इथे डाग जास्त पडतात, हात वाईट म्हणून नव्हे. वाळलं का ते बघायला बोटाचं टोक लावू नका, हाताची मागची बाजू कागदाजवळ न्या. गार लागलं तर आत ओल आहे. केस वाळवायचं यंत्र वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून फिरवा. त्याहून जवळ धरलं तर पाणी ढकललं जातं आणि कडेला गडद रेघ उमटते. पावसाळ्यात दिवसाला दोन हात, एवढाच हिशोब धरा.

कागद ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम), सुती असेल तर उत्तम. सुट्या कागदावर पावसाळ्यात लाटा येतात, म्हणून पाच मिनिटं पाण्यात बुडवून फळीवर गोंदपट्टीने ताणा आणि रात्रभर राहू द्या. गोंदपट्टीचं भेंडोळं डब्यात ठेवा; उघड्यावर राहिलं तर पहिल्याच आठवड्यात आपलं आपल्यालाच चिकटतं. कोरा कागदही प्लॅस्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. ओल खाल्लेल्या कागदाचं वरचं सरस, म्हणजे रंग लगेच आत शिरू न देणारा लेप, मरतं, मग रंग टीपकागदासारखा ठिपक्याठिपक्यांनी आत शोषला जातो. त्यावर उपाय नाही. तो कागद सरावाला टाका. रंग बदलणारी सिलिका कोरड्या कढईत मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत परतली की पुन्हा चालते.

रंगांची पेटी लगेच मिटू नका. ओल्या वड्यांवर दोन दिवसांत बुरशी येते. पोस्टर रंग जाड थरात लावले तर नंतर घडीवर तडकतात, पातळ ठेवा. शाईची रेष आधी मारणार असाल तर शाई जलरोधक आहे का ते त्याच कागदाच्या तुकड्यावर बघा आणि पावसाळ्यात रात्रभर वाळू द्या. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

जागा : जुन्या घरात काचेचं कौल असेल तर त्याखालची सावलीतली जागा उत्तम. वरून सारखा उजेड येतो, हाताची सावली कमी. फक्त दुपारचा उन्हाचा कवडसा फिरत कागदावर येतो, तेवढ्यापुरतं सरका.

मापं आणि छपाई

पुस्तक २१ × २१ सेंटिमीटर धरलं तर जोडपान ४२ × २१. कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चित्र चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त हवं, म्हणजे ४२.६ × २१.६. ए-३ कागद बरोबर ४२ सेंटिमीटरचा; सहा मिलिमीटरसाठी सगळं अडतं. म्हणून जलरंगाचा २२ × ३० इंची ताव अर्धा करून, १५ × २२ इंचावर काम करा. महत्त्वाचं काहीही कापण्याच्या रेषेपासून १० मिलिमीटर आत.

मजकुराची जागा चित्राआधी ठरते. देवनागरीला वर वेलांट्या, रफार आणि खाली उकार लागतात; २० पॉइंट अक्षराला ओळींमधलं अंतर ३० पॉइंट तरी द्या. इंग्रजी पुस्तक बघून जागा सोडली तर मराठी मजकूर हमखास मुलीच्या डोक्यावर चढतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं शक्यतो टाळा, छापताना शाई पसरून बारीक मात्रा बुजतात. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंगांच्या मिश्रणातला काळा नको. नोंदणी, म्हणजे चार रंगांचे ठसे एकमेकांवर बसणं, केसभर सरकली तरी अक्षर धूसर होत नाही, आणि उद्या मालवणी किंवा हिंदी आवृत्ती काढली तर छपाईची एकच प्लेट बदलावी लागते.

स्कॅन मूळ मापात ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), नुसती शाईची रेष असेल तर ६००. ए-४ स्कॅनरवर जोडपान दोन तुकड्यांत घ्यावं लागतं; मध्ये किमान पाच सेंटिमीटर सामाईक ठेवा आणि झाकण काढून वर सपाट वजन द्या, नाहीतर काचेच्या कडेजवळचा भाग उचललेला राहून धूसर येतो. मोबाइलचा फोटो छपाईला चालत नाही, कितीही मेगापिक्सेल असोत; उजेड एका कडेला जास्त पडतोच. छपाईच्या चार शायांत झगझगीत पोपटी आणि मोरपंखी मरतात. भातशेतीचा ताजा हिरवा पडद्यावर जितका चमकतो तितका छापून येणार नाही, तेव्हा शेजारी राखट किंवा जांभळट रंग ठेवून तो चमकवा. आणि पूर्ण काम देण्याआधी एका जोडपानाची खऱ्या कागदावर छापून प्रत मागा.

त्याआधीची स्वस्त परीक्षा म्हणजे झेरॉक्स. रंगीत चित्राची काळी-पांढरी प्रत काढा. मुलगी आणि वाळू एकाच करड्या छटेत मिसळून गेली असेल तर रंग कितीही वेगळे असोत, छापल्यावर ती हरवणार.

मुलांसमोर

पिना मारलेला नमुना घेऊन अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात चार-पाच मुलांना एकत्र बसवा. दोन मीटरवरून दाखवून वाचा. ‘आवडलं का?’ विचारू नका, मुलं भिडेखातर हो म्हणतात. बोट कुठे जातं ते बघा, आणि कोणत्या पानाला चुळबुळ सुरू होते त्याचा आकडा लिहून ठेवा. चप्पल चौथ्या-पाचव्या पानाआधी कोणीच टिपली नाही तर पान २–३ वरची चप्पल मोठी करा किंवा आजूबाजूची वाळू कोरी करा. सगळ्यांनीच टिपली आणि सहाव्या-सातव्या पानावर ठिपका शोधायला कोणी पुढे सरकलं नाही, तर ठिपका फार मोठा आहे. निम्मा करा आणि दुसऱ्या मुलांना दाखवा. तीच मुलं आता उपयोगाची नाहीत, त्यांना ठिपका पाठ झालाय.